मूळव्याधीची ट्यूब आणि न दुखणारी गाठ

"डॉक्टर, ती मूळव्याधीची ट्यूब तेवढी परत लिहून द्या. मागच्या वेळी लगेच बरं वाटलं होतं."

बारामतीच्या माझ्या दवाखान्यात, आणि आठवड्यातून एक दिवस मी इंदापूरला बसतो तिथेही, हे वाक्य नेहमी कानावर येतं. बहुतेक वेळा ते सगळ्यात शेवटी येतं. बीपी मोजून झालेलं असतं, शुगरच्या गोळ्या लिहून झालेल्या असतात, पेशंट खुर्चीवरून उठलेला असतो आणि दारापाशी पोचल्यावर, आवाज खाली आणून तो हे सांगतो. बरोबर मुलगा किंवा सून असेल तर तेही सांगत नाही. परस्पर मेडिकलमधून ट्यूब आणतो.

आज मला या ट्यूबबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. तिच्यात बहुधा जागा बधिर करणारं औषध असतं. गुदाशयाच्या गाठीची तपासणी करताना, ऑपरेशन करताना आणि आजार पुढे गेल्यावर वेदना कमी करताना आम्ही याच जातीची औषधं वापरतो. ती फार उपयोगाची आहेत. पण तपासणी न करता नुसतीच लावत बसलं, तर आत वाढणाऱ्या गाठीला वेळ मिळतो. हे दोन्ही तुम्हाला नीट कळावं म्हणून आजचा लेख थोडा मोठा लिहितो आहे. विषय लाजेचा आहे, पण वाचताना तुम्हाला कोणी बघत नाहीये. तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

बधिर करणारं औषध करतं काय?

दात काढताना हिरडीत इंजेक्शन घेतलं असेल तर तुम्हाला अनुभव आहेच. शुद्ध जात नाही, फक्त तेवढी जागा मुकी होते. आपल्या नसांमधून संदेश जातो तो विजेसारखा, आणि त्यासाठी नसेच्या आवरणातली सोडियमची बारीक दारं उघडावी लागतात. हे औषध ती दारं काही काळ बंद ठेवतं. जखम असते तिथेच असते, पण तिची बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही. औषधाचा अंमल उतरला की दारं पुन्हा उघडतात.

या औषधांचा इतिहास मोठा नाही. १८८४ साली व्हिएन्नामध्ये कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या मणक्यातून औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. कोकेनचे तोटे लवकरच लक्षात आले आणि सुरक्षित औषधाचा शोध सुरू झाला. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केलं. त्यांचे सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःवरच टोचून पाहिलं होतं. तुम्ही ज्याला झायलोकेन म्हणता ते हेच. आज आपल्याकडच्या साध्या दवाखान्यातही त्याची जेली आणि इंजेक्शन असतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे औषध आजार बरा करत नाही. ते मूळव्याध आटवत नाही, रक्त थांबवत नाही आणि गाठ तर अजिबात विरघळवत नाही.

एक रेषा: तिच्या वर आणि तिच्या खाली

शौचाच्या जागेतून आत गेलं की पहिले तीन-चार सेंटिमीटर म्हणजे गुदद्वाराची नळी. त्याच्या वर साधारण बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचा गुदाशय, ज्याला आम्ही रेक्टम म्हणतो. गुदद्वाराच्या नळीत, मधल्या भागात एक दातेरी रेषा असते. आमच्या अभ्यासक्रमात ती पहिल्याच वर्षी शिकवतात आणि पुढे जन्मभर उपयोगी पडते.

या रेषेच्या खाली त्वचेसारखं अस्तर आहे आणि त्याला त्वचेसारख्याच नसा आहेत. तिथे टाचणी टोचली तर बोटाला टोचल्यासारखंच, किंबहुना जास्तच कळतं. रेषेच्या वर आतड्याचं अस्तर आहे. त्याला ताण कळतो, भरल्याची जाणीव होते, पण कापणं, टोचणं, चिमटा घेणं असलं काही कळत नाही.

आता हे आजारांना लावून बघा. फिशर म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. ती रेषेच्या खाली असते. म्हणून शौचाला बसल्यावर काच घासल्यासारखं होतं आणि नंतर तास-दोन तास ठणकतं. आतली मूळव्याध रेषेच्या वर, म्हणून ती सहसा दुखत नाही, नुसतं रक्त जातं. आणि गुदाशयाचा कर्करोगही बहुतेक वेळा रेषेच्या वरच सुरू होतो. म्हणून तोही दुखत नाही. रक्त जातं, शेम पडते, शौचाला जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, पुन्हा जावंसं वाटतं. दुखणं सुरू होतं ते पुष्कळ पुढे, गाठ खाली उतरून गुदद्वाराच्या नळीत शिरते किंवा मागच्या माकडहाडाजवळच्या नसांना धरते तेव्हा.

म्हणजे या जागेपुरतं तरी, किती दुखतंय यावरून किती धोका आहे ते ठरवता येत नाही.

दोन पेशंट

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून दोन पेशंट सांगतो. दोघं एकाच महिन्यात आले होते.

पहिल्या आजी. बारामती तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या. रक्त वाढवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यानं पोट कडक झालं आणि जोर करता करता चीर पडली. आजींना बसवत नव्हतं. दोन दिवस त्यांनी जेवणच सोडलं होतं, कारण जेवलं की शौचाला जावं लागेल. घरच्यांच्या मनात वाईट शंका होती. सुनेने मला बाहेर येऊन हळूच विचारलं, "डॉक्टर, आतून काही मोठं तर नाही ना?" मी जेली लावून बाहेरूनच पाहिलं, चीर स्पष्ट दिसत होती. गरम पाण्यात बसणं, इसबगोल, भरपूर पाणी आणि लावायचं मलम एवढ्यावर तीन-चार आठवड्यांत आजी बऱ्या झाल्या. त्या बऱ्या झाल्यावर एकदा आतली तपासणीही केली. काही नव्हतं.

दुसरे इंदापूर तालुक्यातले शेतकरी, वय सेहेचाळीस. उसाला रात्रीचं पाणी धरायचं, जेवणाची वेळ नाही. आठ महिन्यांपासून रक्त जात होतं. त्यांच्या हिशोबाने ती उष्णता होती. मटण खाल्लं की वाढतं, ताक प्यायलं की कमी होतं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आठ महिन्यांत सहा ट्यूब संपल्या होत्या. माझ्याकडे आले ते थकवा येतो म्हणून. हिमोग्लोबिन आठ निघालं.

"दादा, आतून तपासायला लागेल," मी म्हणालो.

"कशाला सायेब? दुखत नाय ना काय. नुसतं रगात पडतंय, अन् ट्यूब लावली की थांबतंय."

या "थांबतंय"वर मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. गाठीतून जाणारं रक्त रोज सारखं जात नाही. चार दिवस जातं, पंधरा दिवस थांबतं. रक्त दिसलं की माणूस ट्यूब लावतो, मग ते आपोआप थांबायचंच असतं तेव्हा थांबतं आणि श्रेय ट्यूबला मिळतं. तिच्यातलं औषध बाहेरच्या त्वचेला बधिर करतं, जरा गार वाटतं. वर बसलेल्या गाठीपर्यंत त्याचा काहीच संबंध पोचत नाही. तरी मनाची समजूत पटते की औषध लागू पडलं, म्हणजे आजार तोच आहे. हे समाधान मला त्या औषधापेक्षा जास्त घातक वाटतं.

त्यांची खरी अडचण दोन गोष्टींची होती, लाज आणि दुखेल ही भीती. भीतीवर माझ्याकडे औषध होतं. लाजेवर पडदा, बंद दार आणि थोडं बोलणं.

तपासणीत हे औषध कसं वापरतात

डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. लिग्नोकेनची जेली लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं. ही थोडी मिनिटं महत्त्वाची आहेत. जेली लावली आणि लगेच बोट घातलं तर ती फक्त गुळगुळीतपणा देते, बधिरपणा यायला वेळ लागतो. मग हातमोजा घातलेलं एक बोट, सावकाश, पेशंटला श्वास सोडायला सांगत. सगळं मिळून एक-दोन मिनिटं. बोट साधारण सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचतं आणि गुदाशयाच्या खालच्या भागातल्या गाठी त्या अंतरात हाताला लागतात. मूळव्याध मऊ असते, बोटाला सहसा कळतही नाही. गाठ कडक लागते, कडा उंचावलेल्या असतात आणि मोजाला रक्त येतं.

स्त्री पेशंट असेल तर जवळ नर्स किंवा घरची बाई असायलाच हवी, आणि तसं मागणं हा तुमचा हक्क आहे. महिला डॉक्टरांकडे जायचं असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. कोणीही डॉक्टर त्याचा राग मानणार नाही.

चीर ताजी असेल, फार दुखत असेल, तर मी बळजबरी करत नाही. आधी चीर बरी होऊ देतो किंवा सर्जनकडे भूल देऊन तपासणी करवतो. पण "नंतर तपासू" हे "नंतर" लिहून देतो, तारखेसकट. नाहीतर दुखणं थांबलं की पेशंटही थांबतो.

त्या शेतकरी दादांना बोटाला गाठ लागली. तपासणी झाल्यावर ते म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?" आठ महिने ते या दोन मिनिटांना भीत होते.

तुकडा काढताना, ऑपरेशन करताना

पुढची पायरी म्हणजे दुर्बिणीने पूर्ण मोठं आतडं बघणं आणि गाठीचा तुकडा तपासायला घेणं, म्हणजे कोलोनोस्कोपी आणि बायॉप्सी. "तुकडा काढणार म्हणजे केवढं दुखेल!" असं सगळ्यांनाच वाटतं. पण वरची रेषा आठवा. गाठ रेषेच्या वर असेल तर तुकडा काढताना दुखत नाही, तिथे बधिर करायचं इंजेक्शनही लागत नाही. दुर्बिण जाताना पोटात हवा भरते, कळ येते, त्यासाठी गुंगीचं औषध देतात. गाठ अगदी खाली, गुदद्वाराजवळ असेल तर मात्र जागा बधिर करून किंवा मणक्यातून भूल देऊन तुकडा घेतात.

तुकडा काढला की कर्करोग पसरतो, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. कृपया त्यामुळे बायॉप्सी टाळू नका. बायॉप्सीशिवाय कोणताही डॉक्टर योग्य उपचार ठरवू शकत नाही.

गाठ अगदी लहान आणि वरवरची असेल, किंवा नुसताच पॉलिप असेल, तर काही पेशंटमध्ये गुदद्वारातूनच ती काढता येते, पोट उघडावं लागत नाही. खालच्या बाजूची छोटी गाठ असेल तर मणक्यातली भूल पुरते. इथे पुन्हा एक भीती आडवी येते: "पाठीत इंजेक्शन दिलं की कंबर जन्मभर दुखते." सिझर झालेल्या प्रत्येक बाईने हे ऐकलेलं असतं. सुई गेली तिथे काही दिवस दुखू शकतं, क्वचित डोकेदुखी होते आणि ती बरी होते. वर्षानुवर्षांची कंबरदुखी बहुतेक वेळा कमकुवत स्नायू, वजन आणि कामाची पद्धत यामुळे असते. वय झालेल्या, दमा असलेल्या माणसाला मणक्यातली भूल कधी कधी पूर्ण भुलीपेक्षा सोयीची पडते. तो निर्णय भूलतज्ज्ञांवर सोडा.

गाठ मोठी असेल तर ऑपरेशन पूर्ण भूल देऊनच होतं. तरीही बधिर करणारं औषध सोबतीला असतं. मणक्याजवळ बारीक नळी ठेवून, पोटाच्या स्नायूंच्या थरात किंवा टाक्यांच्या कडेला ते दिलं की ऑपरेशननंतरचं दुखणं कमी होतं आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. त्यामुळे पेशंट लवकर उठून चालतो आणि खोल श्वास घेऊ शकतो. लिग्नोकेन शिरेतून दिलं तर आतडी लवकर कामाला लागतील अशी एक आशा होती. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात ती काही खरी ठरली नाही.

"टाटाचं ते इंजेक्शन" आम्हालाही मिळेल का?

हा प्रश्न मला अधूनमधून येतो, विशेषतः ज्यांनी बातमी वाचली आहे त्यांच्याकडून. तर ती बातमी काय होती ते सांगतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांवर एक अभ्यास केला. या सगळ्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग होता. निम्म्या स्त्रियांना ऑपरेशनच्या आधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती साधं लिग्नोकेन टोचलं, निम्म्यांना टोचलं नाही. बाकी उपचार सारखेच. पाच वर्षांनी बघितलं तर इंजेक्शन मिळालेल्यांमध्ये ९०.१ टक्के स्त्रिया जिवंत होत्या, न मिळालेल्यांमध्ये ८६.४ टक्के. २०२३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातले साधारण चार जीव, तेही इतक्या स्वस्त औषधाने, ही मोठीच गोष्ट आहे. ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो तेव्हा तिच्यातल्या पेशींमध्ये पसरण्याच्या हालचाली सुरू होतात आणि सोडियमची तीच दारं बंद केल्याने त्या रोखल्या जात असाव्यात, असा त्यामागचा विचार आहे.

पण हे स्तनाच्या कर्करोगात सिद्ध झालं आहे. गुदाशयाच्या गाठीत असाच फायदा होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा तुमच्या सर्जनकडे त्या इंजेक्शनचा हट्ट धरू नका. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: गाठीभोवती ऑपरेशन टेबलावर दिलेलं इंजेक्शन वेगळं आणि घरी लावलेली ट्यूब वेगळी. "लिग्नोकेन कॅन्सरवर चालतं, मग ट्यूब लावायला काय हरकत आहे?" असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

रेडिएशन, आणि दुखणं वाढल्यावर

गुदाशयाच्या मधल्या-खालच्या भागातल्या बऱ्याच गाठींना ऑपरेशनआधी रेडिएशन आणि केमोथेरपी देतात. त्यात जांघेची, बैठकीची कातडी सोलपटते, शौचाला आग होते. तेव्हा लिग्नोकेन जेली दिलासा देते. इथे ती जरूर वापरा, कारण आजार काय आहे ते माहीत आहे, उपचार चालू आहेत आणि औषध त्रास कमी करायला दिलेलं आहे. फक्त रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारून, ते सांगतील त्या वेळी लावा.

आजार खूप पुढे गेला, ओटीपोटातल्या नसांना धरलं, तर वरून लावलेल्या जेलीचा उपयोग होत नाही. माझे एक वयस्कर पेशंट होते. गाठ परत उद्भवली होती आणि त्यांना बसताच येत नव्हतं. कधी उभ्यानं, कधी कुशीवर पडून जेवायचे. त्यांची एकच तक्रार होती, पंगतीला बसून जेवता येत नाही. पुण्यातल्या वेदनातज्ज्ञांनी माकडहाडाच्या पुढे असलेल्या नसांच्या गाठीत, एक्स-रेवर बघत, आधी बधिर करणारं औषध देऊन पाहिलं. आराम पडतो हे कळल्यावर त्या नसा जास्त काळ मुक्या करणारं औषध दिलं. आजार होता तेवढाच राहिला. पण पुढचे काही महिने ते घरच्यांबरोबर मांडी घालून जेवले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मलाही पानावर बसवलं.

अशी सोय आहे हे पुष्कळ कुटुंबांना कोणी सांगतच नाही. मॉर्फिनच्या गोळ्यांबद्दलही तेच. २०१४ साली कायद्यात बदल झाल्यापासून त्या मिळण्याची वाट थोडी सोपी झाली आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून अशा पेशंटची मोफत काळजी घेतं. "आता काही करण्यासारखं नाही" असं कोणी म्हटलं, तर वेदना कमी करणं शिल्लक असतंच, हे लक्षात ठेवून विचारा.

जपून वापरा

ट्यूब आणि जेलीबद्दल थोड्या व्यवहाराच्या गोष्टी:

१. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय एका आठवड्याच्या वर कोणतीही ट्यूब लावू नका. बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइडही असतं. त्यानं कातडी पातळ होते, बुरशी वाढते.

२. जास्त लावलं तर जास्त फायदा होत नाही. आतल्या अस्तरातून औषध रक्तात जातं. ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी होणं, कानात आवाज, चक्कर ही जास्त औषध झाल्याची लक्षणं आहेत. लगेच दवाखाना गाठा. लिव्हरचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर आधी सांगा.

३. लावल्यावर खाज आणि लाली वाढली तर औषधाची अॅलर्जी असू शकते. आणखी लावत जाऊ नका.

४. "मला भूल सोसत नाही" असं सांगताना तेव्हा नेमकं काय झालं होतं ते सांगा. दाताच्या इंजेक्शननंतर धडधड झाली असेल, तर ती बऱ्याचदा भीतीने किंवा त्यात मिसळलेल्या अॅड्रेनॅलिनने होते. खरी अॅलर्जी फार थोड्यांना असते.

५. "मूळव्याध, भगंदर विनाऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये बरी" असे फ्लेक्स तुम्ही बसस्टँडच्या आसपास पाहिले असतील. इंजेक्शनमध्ये काय आहे, ते देणाऱ्याचं शिक्षण काय, आणि देण्याआधी त्याने आतून तपासलं का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर उठून या.

तपासून कधी घ्यायचं?

शौचावाटे रक्त गेलं तर, दुखो वा न दुखो, एकदा तरी बोटाची तपासणी झालीच पाहिजे. मूळव्याध असल्याचं पूर्वी कोणी सांगितलं असेल तरीही, कारण मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. तीन-चार आठवडे शौचाची सवय बदललेली असेल, शेम पडत असेल, पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, वजन उतरत असेल तर थांबू नका. पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय कमी असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन घरी बसू नका, रक्त जातंय कुठून ते शोधायला सांगा. घरात आईवडील किंवा भावंडांना आतड्याचा कर्करोग झाला असेल तर लक्षण नसतानाही डॉक्टरांशी बोला. आणि "माझं वय नाही" असं म्हणू नका. आपल्याकडे चाळिशीतले, कधी त्याहून तरुण पेशंटही दिसतात.

पहिली तपासणी तुमच्या गावातल्या डॉक्टरकडे, बारामती-इंदापूरच्या सरकारी उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते. त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. पुढचे उपचार लागले तर पुणं आहे, आणि इंदापूरकरांना टेंभुर्णीवरून बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयही आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे बरेच उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

बार्शीचं नाव घेतलं म्हणून एक सांगतो. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शी परिसरात सुरू झाली. तिथले कार्यकर्ते नोंदी घेत गावोगाव फिरायचे आणि फिरता फिरता लोकांना लक्षणं समजावून सांगायचे. त्यांच्या हातात कोणतंही मशीन नव्हतं. तरीही काही वर्षांत त्या भागातल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, हे त्यांच्या नोंदींतून दिसलं. नुसतं सांगण्याने एवढं होतं. गुदाशयाच्या कर्करोगासाठी आपल्या देशात सरकारी पातळीवर सरसकट तपासणीची मोहीम नाही, म्हणून तर हे सांगणं जास्तच गरजेचं आहे.

दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते तेव्हा मी एक-दोन दिवस वाटेवरच्या तपासणी केंद्रात बसतो. पायाचे फोड, अंगदुखी, जुलाब हे तर असतंच. पण एखादे माउली गर्दी कमी झाल्यावर हळूच ती ट्यूब मागतात. वाटेत पूर्ण तपासणी होत नाही. मी कागदावर "परत गेल्यावर आतून तपासून घ्यावे" असं मोठ्या अक्षरात लिहून देतो आणि बरोबरच्या दिंडीवाल्यालाही सांगतो. किती जण जातात मला कळत नाही. तरी लिहून देतो.

त्या शेतकरी दादांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. रेडिएशन, केमो, मग ऑपरेशन झालं. काही महिने पोटावर पिशवी होती, ती नंतर बंद केली. अजून तपासणीला वेळच्या वेळी येतात. आठ महिने आधी आले असते तर कदाचित एवढं सगळं लागलंच नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. आता गावात कोणी ट्यूब घेताना दिसलं तर ते स्वतःच त्याला गाडीवर बसवून माझ्याकडे घेऊन येतात.

तुमच्या घरातल्या कपाटात अशी अर्धी दाबलेली ट्यूब असेल, तर ती कोणाची आहे आणि किती दिवसांपासून चालू आहे ते आज विचारा. वडिलांची असेल तर ते सांगणार नाहीत, आईची असेल तर ती विषय बदलेल. तरी विचारा, आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात या.